कुणाच्या हाताखाली?



या परिषदेचा अध्यक्ष म्हणून दोन्ही दिवसांचे निबंध मी शेवटपर्यंत बसून ऐकले. अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो छापील अहवालात आहे, सवडीने वाचावा. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे आणि ती कित्येक वर्षं मनात साचून राहिली आहे.

ॲप्रेंटिसशिप निवडताना आपण मुलांना काय बघायला सांगतो? ट्रेड कोणता, गाव कोणतं, विद्यावेतन किती आणि गेटवर पाटी कुणाची. मेळाव्यात एवढंच सांगितलं जातं. कारखान्याच्या शॉपमध्ये उभं राहून शिकवणार कोण, हे कुणी सांगत नाही, मुलगा विचारत नाही आणि त्याच्या वडिलांना विचारायचा धीर होत नाही. करारावर सही मात्र होऊन जाते.

कायद्याला हे कळत होतं. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मालकावर जबाबदारी टाकली आहे की, त्याला स्वतःला पात्रता नसेल तर पात्र माणूस प्रशिक्षणावर नेमायचा. पुढे २०१४ला कायद्यात दुरुस्त्या झाल्या, २०१६ला केंद्राने विद्यावेतनाचा काही भाग उचलायची योजना आणली, २०१९च्या नियमांनी तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणं बंधनकारक केलं. चांगलंच झालं, जागा वाढल्या. पण तेव्हापासून सगळी चर्चा आकड्यांची झाली. किती घेतले, किती टक्के भरले. पात्र माणूस कागदावर असतो. तो दिवसातून किती वेळ पोराच्या शेजारी उभा राहतो, हे कोण विचारतंय?

काल एका वक्त्यांनी ठासून सांगितलं की, विद्यावेतन वाढलं की प्रश्न सुटेल. विद्यावेतन वाढलंच पाहिजे. पुण्यात खोलीभाडं आणि मेस भागवून मुलाच्या हातात काय उरतं ते मी पाहिलं आहे. पण प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. माझ्या टूलरूमला गारगोटीकडचा एक मुलगा आला होता. आयटीआयला चांगले मार्क, मोठ्या कंपनीतली ॲप्रेंटिसशिप, प्रमाणपत्र फ्रेम करून घरात लावलेलं. मी त्याला चार जबड्यांच्या चकमध्ये एक जॉब बांधून डायल लावायला सांगितलं. त्याने चक की हातात घेतली आणि तो उभाच राहिला. कुठला जबडा सैल करायचा आणि कुठला आवळायचा, त्याला सुचेना. वर्षभर त्याला असेंब्ली लाइनवर एकाच स्टेशनवर उभं केलं होतं. चार बोल्ट लावायचे, टॉर्क द्यायचा, गाडी पुढे. विद्यावेतन वेळेवर मिळत होतं. पोरगं हुशार होतं, पुढे शिकलंही, पण त्याचं वर्ष कुणी खाल्लं?

दुसरा वाद संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनचा. ती आल्यावर आता कानस घासायला लावणं म्हणजे वेळेचा अपव्यय, असं आज सकाळीच ऐकलं. आमच्या उद्यमनगर औद्योगिक वसाहतीत एक मेस्त्री होते. नवा पोरगा आला की ते त्याला पहिल्यांदा बेंचवर उभं करायचे. कानशीला खडू लावायचा, म्हणजे कीस दात्यांत अडकून जॉबवर ओरखडे पडत नाहीत. चार हात मारले की जॉब वाइसमधून काढायचा, गुण्या लावायचा आणि खिडकीच्या उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत वाइसमध्ये. मेस्त्री रागावत नसत. मागून येऊन पोराचं कोपर दोन बोटं खाली दाबायचे आणि निघून जायचे. त्यांच्या हाताखालची पोरं आज पाच-पाच ॲक्सिसची मशिनं चालवतात आणि टूल बोलायला लागलं की स्क्रीनकडे बघायच्या आधी त्यांचा हात फीडवर जातो. मशिन जुनं की नवं, हा वादच मला गौण वाटतो. कोपर दाबणारा माणूस आहे का, ते बघा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. करार करण्याआधी मुलाला शॉपमध्ये काही दिवस उभं राहू द्या. कुणाच्या हाताखाली राहणार, त्याचं नाव सांगा, त्याच्याशी बोलू द्या. आधी त्या शॉपमध्ये शिकून गेलेल्या पोरांना भेटू द्या. मशिनवर हात कधी लागणार, हे विचारायचा हक्क द्या. जर्मनीच्या व्यवसायशिक्षण कायद्यात पहिले एक ते चार महिने एकमेकांना पारखण्याचे असतात. त्या काळात मुलगा किंवा मालक, कुणीही पूर्वसूचना न देता बाजूला होऊ शकतो. आपल्याकडे मुलामुळे करार मोडला तर प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याकडून वसूल होऊ शकतो. मग चुकीच्या शॉपमध्ये अडकलेलं पोरगं मान खाली घालून वर्ष काढतं. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी आपल्या राज्याने कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्याचं कौतुक झालं. मुलं तिकडे पाठवता, मग सुरुवातीला बाजूला होऊ देण्याची त्यांची पद्धत इकडे का आणत नाही?

कारखानदार म्हणतील, ऑर्डर तुंबलेल्या असताना पोरांना शॉप दाखवत बसायला वेळ कुणाला आहे? उद्यमनगरातल्या आठ-दहा माणसांच्या शॉपमध्ये हे वर्षानुवर्षं होत आलं आहे. बापाने पोराला आणायचं, मेस्त्रींनी त्याला आठवडाभर बसवून घ्यायचं आणि मग दोघांनी ठरवायचं. ज्यांच्याकडे शंभर मशिनं आहेत, त्यांना ते जमत नाही असं मी मानणार नाही.

आयटीआयमधल्या शिल्पनिदेशकांनाही सांगतो. मुलांची यादी कंपनीला पाठवली की आपलं काम संपत नाही. एकदा त्या शॉपमध्ये जाऊन या. कॅन्टीनमध्ये चहा घेऊन परत येऊ नका, शॉपमध्ये जा, आपल्या पोराच्या हातात काय आहे ते बघा. आणि मागे बसलेल्या मुलांनो, मोठी पाटी सोडून लहान शॉप निवडलंत म्हणून घरचे नाराज झाले, तर त्यांना माझ्याकडे घेऊन या. मी बोलतो त्यांच्याशी.

या परिषदेने जिल्ह्यातल्या शिकवणाऱ्या मेस्त्रींची एक नोंदवही करावी, असं माझ्या मनात आहे. नाव, शॉप, ट्रेड, कुणाकुणाला शिकवलं. कशी करायची, कोण करणार, छापायची की नाही, हे कार्यकारिणीने ठरवावं. शॉप उघडं ठेवायला जे कारखानदार तयार आहेत, त्यांनी जेवणाला जाण्याआधी कार्यवाहांकडे नावं द्यावीत. पहिलं नाव माझ्या शॉपचं लिहून घ्या.