ब्रेकचं पॅडल मऊ लागलं तर



आज मी पापडाचं किंवा शेळीपालनाचं बोलणार नाही, गाडीच्या ब्रेकचं बोलणार आहे. लगेच रेडिओ बंद करू नका. गाडी बाप्ये चालवतात हे खरं, पण तिच्यात माल आपला असतो, केबिनमध्ये माणूस आपल्या घरचं असतं आणि गाडीचा हप्ताही आपला गट भरतो.

आमच्या गटाने कर्ज काढून दीड टनाची पिकअप घेतली. ओतूरच्या बाजूची कोथिंबीर-मेथी घेऊन ती रात्री माळशेज घाट उतरते आणि पहाटे कल्याणच्या मार्केटला लागते. गाडी माझा पुतण्या चालवतो. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माल भरून झाला, ताडपत्री बांधून झाली, आणि निघता निघता तो म्हणाला, "काकी, ब्रेक जरा गादीसारखा लागतोय. पण दोनदा दाबला की येतो. आजची खेप मारून येतो, उद्या दाखवू."

मी विचारलं, "कधीपासून लागतोय असा?"

तो खाली बघायला लागला. म्हणाला, "पंधरा दिवस झाले. एकदा गॅरेजात नेऊन हवा काढून आणली होती. परत तसंच. ऑइल कमी होतं, मी वरून टाकतो."

मी किल्ली काढून घेतली. गटातल्या बायका रागावल्या. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "एका रात्रीने काय होणार होतं?" सकाळी निम्मा माल गावच्या बाजारात मिळेल त्या भावाने गेला, उरलेला कोमेजला. दुपारी फिटरने मागचं डावं चाक उतरवून ड्रम काढला, तर आत सगळं ओलंचिंब. चाकातल्या छोट्या सिलेंडरचं रबर झिजून तिथून ब्रेक ऑइल गळत होतं आणि लायनर त्या ऑइलने भिजले होते. भरल्या गाडीने, पावसात, घाटात काय झालं असतं, ते जाऊबाईंनी मग विचारलं नाही.

आता हे पॅडल मऊ का लागतं ते सांगते. होळीची पिचकारी आठवा. पाणी भरून तोंडाला बोट लावलं तर दांडा दाबला जात नाही. पण आत हवा असेल तर तोंड बंद असूनही दांडा आत जातो, कारण हवा आकसते, पाणी आकसत नाही. ब्रेकचंही तसंच. आपण पॅडल दाबतो, मास्टर सिलेंडर ऑइल ढकलतो आणि ते ऑइल पाइपमधून चारही चाकांना जोर पोचवतं. मध्ये हवा शिरली की आपला जोर ती हवा दाबण्यातच जातो. चाकापर्यंत पोचतो तो उरलासुरला.

मग हवा येते कुठून? एक तर गळतीतून, किंवा डबीतलं ऑइल फार खाली गेलं तर तिथून. म्हणून नुसती हवा काढून भागत नाही. हवा शिरली कुठून ते शोधायला हवं. आमच्या गाडीची हवा काढली, पण गळती तशीच राहिली. भोक पडलेल्या हंड्यात पाणी भरत बसण्यासारखं झालं.

दुसरं कारण म्हणजे जुनं ऑइल. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ना, तसं ब्रेक ऑइलही हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट ३ ऑइल साधारण २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेलं मात्र १४० अंशांच्या आसपासच उकळू लागतं. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की ते तापतं, आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल एकदम खाली जातं. गाडी थंड झाली की परत ठीक वाटतं. तेव्हा "आता आला ब्रेक" म्हणून निघू नका. बऱ्याच गाड्यांना ऑइल दोन वर्षांनी बदलायचं असतं. आपल्या गाडीच्या पुस्तकात बघून घ्या.

आता आपल्याला घरी काय बघता येईल ते ऐका. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा.

बॉनेट उघडून ऑइलची डबी बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. लायनर झिजतात तशी ती हळूहळू उतरते, पण आठ-पंधरा दिवसांत उतरत असेल तर गळतीच समजा. नवं ऑइल फिकट असतं. चहासारखं काळपट झालं असेल तर बदलायला आलं.

चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का, बॅटरी लावून बघा.

इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरा. घट्ट राहिलं तर बरं. पायाखाली हळूहळू खाली गेलं तर बाहेर कुठे गळतंय किंवा मास्टर सिलेंडरची आतली रबरं गेलीत. पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलं की पॅडल थोडं खाली जातं. तो दोष नाही, बूस्टर काम करतोय.

पहिल्यांदा पॅडल खोल जातं आणि दोन-तीनदा मारल्यावर वर येतं, असं असेल तर आत हवा आहे किंवा मागचे लायनर सैल झालेत. एकीने पॅडल दाबावं, दुसरीने पुढच्या चाकांजवळचे रबरी पाइप बघावेत. फुगत असतील तर बदलायचे.

यापुढचं काम फिटरचं. पण त्याच्याजवळ उभं राहा. भिजलेले लायनर पुसून परत बसवू देऊ नका, दोन्ही बाजूंचे नवे घ्या. ऑइल सीलबंद डब्यातलं आणि पुस्तकात सांगितलेलंच टाका. इंजिन ऑइल चुकूनही नको, त्याने रबरं फुगतात. हवा काढताना पॅडल सोडण्याआधी निपल बंद झालं पाहिजे, नाहीतर हवा परत आत जाते. काम झाल्यावर रिकामी गाडी सपाट रस्त्यावर हळू चालवून बघा, मगच माल भरा.

चालवणाऱ्याला दोन गोष्टी सांगून ठेवा. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचं नाही. आणि चालत्या गाडीत ब्रेक गेलाच तर इंजिन बंद करायचं नाही. पॅडल भराभर मारायचं, एकेक गिअर खाली आणायचा, हँडब्रेक एकदम न खेचता हळूहळू ओढायचा, हॉर्न वाजवत डोंगराची बाजू धरायची.

शेवटी मनातलं सांगते. पंधरा दिवस तो पोरगा का बोलला नाही? कारण उन्हाळ्यात टायरमुळे एक खेप चुकली, तेव्हा आम्ही त्याचा रोज कापला होता. ब्रेक सिलेंडर गळत होता, पण त्याचं तोंड आम्हीच बंद केलं होतं. मग गटाच्या बैठकीत ठराव लिहिला: गाडीत दोष आहे म्हणून चालवणाऱ्याने गाडी थांबवली, तर त्याचा रोज कापायचा नाही, नुकसान गटाने सोसायचं. ठरावावर पहिली सही जाऊबाईंनी केली.

तुमच्या गावात भाजीची, दुधाची, पोरांना शाळेत नेणारी गाडी असेल. आज संध्याकाळी चालवणाऱ्याला एवढंच विचारा, "बाबा, ब्रेक कसा लागतोय?" आणि तो जे सांगेल ते न रागावता ऐका.