जखम भरल्यानंतर



वेळ थोडा आहे, म्हणून एकाच विषयावर बोलते. मी जळीत वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे तरुण बायका जास्त येतात. वॉर्डात ड्रेसिंग, स्किन ग्राफ्ट, ताप यातच दिवस जातो. मन खचतं ते बऱ्याचदा घरी गेल्यावर. रात्रभर खाज, झोप नाही. व्रण फुगू नयेत म्हणून दिवसाचे २३ तास घट्ट प्रेशर गारमेंट, तेही कित्येक महिने. घरच्यांनी आरसा काढून ठेवलेला. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "वाचलीस, नशीब समज." म्हणजे रडायचीही चोरी!

मग ती व्यायाम सोडते. लोक त्याला आळस म्हणतात. अनेकदा ते नैराश्य असतं. इकडे कातडी आखडते, कोपर सरळ होत नाही, मान वळत नाही, पुन्हा ऑपरेशन. म्हणून दोन आठवडे झोप, भूक, बोलणं हरवलेलं दिसलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. औषधं आणि समुपदेशनाचा उपयोग होतो. टेली-मानसचा १४४१६ हा नंबरही मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

भेटायला गेलात तर "कसं झालं गं?" विचारू नका. पोलिसांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना सांगून ती थकलेली असते. तिच्या डोळ्यांत बघून शाळेच्या गप्पा मारा. बाईंच्या नकला करा. बाई समोरच बसल्यात, रागावणार नाहीत.