पोस्टमास्तरचा पगार किती?

ग्रामीण डाक सेवकांच्या भरतीची जाहिरात आली, की तुमच्या पत्रांत एकच प्रश्न असतो: पोस्टमास्तरला पगार किती? त्याआधी विचारा, कोणत्या पोस्टमास्तरला?

तालुक्याच्या पोस्टातले पोस्टमास्तर बहुधा डाक सहायकापासून बढती घेत वर आलेले असतात. सातव्या वेतन आयोगानुसार सहायकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 25,500 रुपये. वर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता; घरभाडं मुंबई-पुण्यात सर्वांत जास्त, नागपूर-नाशिकला त्याहून कमी, लहान गावांत सर्वांत कमी. स्पर्धा परीक्षा देऊन थेट डाक निरीक्षक झालात, तर मूळ वेतन 44,900.

गावातला शाखा डाकपाल मात्र ग्रामीण डाक सेवक असतो. त्याला कामाच्या तासांवर ठरलेला भत्ता मिळतो. 2018 च्या सुधारणेनुसार चार तासांना सुरुवात 12,000 रुपये, त्यावर महागाई भत्ता. जाहिरातीत छापतात, '12,000 ते 29,380'. आणि घराघरांत वाचला जातो तो फक्त दुसरा आकडा! अहो, वाढ मिळते वर्षाला 3 टक्के. म्हणजे पहिल्या वर्षी 360 रुपये. कागद-पेन्सिल घ्या आणि मांडा हिशेब. 29,380 पर्यंत पोचायला तीस वर्षं लागतात. तीस! पंचविशीत चिकटलेला मुलगा पंचावन्न वर्षांचा झालेला असेल. हा आकडा धरून कर्ज काढू नका, हा आकडा सांगून सोयरीक जुळवू नका. मुलीच्या घरच्यांनाही खरं तेच सांगा.

पोटापाण्याचं दुसरं साधन असलं पाहिजे, असं नियमच सांगतो. म्हणून शेती किंवा दुकान सोडून या नोकरीच्या मागे लागू नका. ते सांभाळून ही करा. शाखा डाकपालाला त्याच गावात राहावं लागतं आणि पोस्टासाठी जागाही त्यानेच द्यायची असते. सेवा 65 वर्षांपर्यंत, पण नियमित कर्मचाऱ्यासारखं निवृत्तिवेतन नाही.

आता माझ्या कागदावर नसलेलं बोलतो. 29,380 चा हाच आकडा दाखवून मध्यस्थ लाखांच्या गोष्टी करतात आणि आईबाप जमीन गहाण टाकतात. बाबांनो, कशासाठी? निवड दहावीच्या गुणांवर होते. परीक्षा नाही, मुलाखत नाही. यादी संगणकावर लागते. मग तो माणूस तुम्हाला विकतोय तरी काय? तुमच्या मुलाचे गुण तर तुमच्याच घरात आहेत! फार जीव तुटतो हो हे ऐकून.

शाखा डाकपालाचं काम वाईट नाही. म्हाताऱ्यांची पेन्शन, मुलींची सुकन्या समृद्धीची खाती, बचत गटांचे पैसे याच माणसाच्या हातून जातात, आणि गाव त्याला मान देतं. ज्याचं घर, शेत त्याच गावात आहे, त्याने जरूर अर्ज करावा.

अर्जाचं शुल्क 100 रुपये, महिलांना तेही माफ. अर्ज स्वतः भरा, आणि त्यापलीकडे कोणालाही एक रुपया देऊ नका.