गर्भारपणातील रक्त तपासणीचे भय

(सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी विस्ताराने सांगितले आहे, त्यामुळे मी सरळ विषयाकडे वळते. महिला मंडळाने मला ‘गर्भवतीचे आरोग्य’ हा विषय दिला होता. आहार, विश्रांती, गोळ्या यांविषयी आपण पुष्कळ ऐकलेले आहे. म्हणून त्यातला एक छोटा आणि चारचौघांत सहसा न बोलला जाणारा भाग मी निवडला आहे. तो म्हणजे रक्त तपासणीची, सुईची भीती.

या भीतीचे नाव काढले की घरात हसू येते. “एवढी मोठी झालीस आणि सुईला घाबरतेस? मग उद्या बाळंतपणाच्या कळा कशा सोसशील?” हे वाक्य बहुतेक घरांत बोलले जाते, आणि प्रेमानेच बोलले जाते. परंतु त्या वाक्याने सुनेचे तोंड मात्र बंद होते. त्यानंतर ती भीती सांगत नाही, कारणे सांगते. आज उपवास आहे, उद्या पाहुणे आहेत, माहेरी गेल्यावर करून घेईन.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. एक विवाहिता सातव्या महिन्यात दवाखान्यात आली. तोवर तिची एकही रक्त तपासणी झालेली नव्हती. घरी मात्र ‘रिपोर्ट चांगले आहेत’ असे तिने सांगितले होते. तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ६.८ ग्रॅम निघाले. गर्भवतीत ते निदान ११ ग्रॅम असावे आणि ७ च्या खाली गेले की त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. तिला दाखल करून शिरेवाटे लोह द्यावे लागले. जी एक सुई ती पाच महिने टाळत होती, तिच्या जागी आठवडाभरात कितीतरी सुया टोचून घ्याव्या लागल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, म्हणून हे मी आज निश्चिंतपणे सांगू शकते. आता लक्षात घ्या, या मुलीने लग्नाआधी अठ्ठाई केलेली होती. आठ दिवस केवळ पाण्यावर राहणाऱ्या व्यक्तीला मनोबल नाही, असे कोण म्हणेल? तेव्हा सुईची भीती म्हणजे भित्रेपणा किंवा लाडावलेपण, ही समजूत प्रथम सोडून द्यावी लागेल.

मग हे आहे तरी काय? इतर कोणत्याही भीतीत, म्हणजे समजा कुत्रा अंगावर आला, तर छातीत धडधडते, रक्तदाब वाढतो, शरीर पळण्याच्या तयारीला लागते. रक्ताच्या आणि सुईच्या भयात पुष्कळ जणांच्या बाबतीत वेगळेच घडते. आधी क्षणभर नाडी व रक्तदाब वाढतात आणि मग दोन्ही एकदम खाली येतात. मेंदूकडे जाणारे रक्त कमी पडते. कानांत गुंई असा आवाज येतो, गार घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि घेरी येते. हे मज्जासंस्थेचे काम आहे, इच्छाशक्तीचे नव्हे. ही प्रवृत्ती घराण्यात चालत येते. सुईला घाबरणाऱ्या मुलीच्या आईला किंवा वडिलांना विचारले तर बहुधा त्यांचीही एखादी घेरीची आठवण निघते. त्यातच गर्भारपणी, विशेषतः मधल्या तीन महिन्यांत, रक्तदाब मुळातच थोडा कमी असतो. म्हणून एरवी निभावून नेणारी स्त्रीही या दिवसांत अचानक घेरी येऊन पडू शकते.

येथे आपल्या शास्त्रातील एक गोष्ट मला नेहमी आठवते. मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही, तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावे. कर्मसिद्धान्तात मोहनीय कर्माचे भेद सांगताना नऊ नोकषाय सांगितले आहेत. त्यांत भय आणि जुगुप्सा ही दोन शेजारी-शेजारी येतात, पण वेगवेगळी मोजलेली आहेत. आधुनिक मानसशास्त्रानेही रक्ताच्या भयाचा अभ्यास करताना हेच पाहिले, की यात भीतीबरोबर किळसेचा वाटा मोठा असतो. पुष्कळ स्त्रिया सांगतात, “दुखण्याचे काही नाही हो, पण ते रक्त नळीत चढताना पाहवत नाही.” ही जुगुप्सा आहे. तिला “घाबरू नकोस” असे सांगून उपयोग नाही, कारण ती घाबरलेलीच नसते. तिला पाहायला न लावणे, हा साधा उपाय पुरतो. आपल्याला नक्की काय होते, दुखण्याची भीती, पाहण्याची किळस की घेरी येण्याची धास्ती, हे ज्याचे त्याने ओळखावे. उपाय त्यावर ठरतो.

ज्यांना घेरी येते त्यांच्यासाठी उपाय थोडा उलटा आहे, म्हणून त्यावर अधिक वेळ घेते. आपल्याकडे सर्वांनाच सल्ला मिळतो, “शरीर सैल सोड, दीर्घ श्वास घे.” ज्यांच्या छातीत केवळ धडधडते त्यांना याचा फायदा होतो. परंतु ज्यांचा रक्तदाब खाली येतो, त्यांनी त्याच क्षणी शरीर सैल सोडले तर तो आणखी खाली येईल. कायोत्सर्गाची सवय असलेल्या भगिनींना हे विशेष सांगते. कायोत्सर्ग आदल्या रात्री करा, मन शांत होईल. पण सुई टोचताना तो नको. त्या वेळी स्नायू आवळायचे आहेत. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत विकसित केली आणि आज ती जगभर वापरली जाते.

पद्धत अशी. खुर्चीत बसा किंवा आडवे व्हा. ज्या हातातून रक्त काढायचे नाही त्या हाताची मूठ घट्ट आवळा, मांड्या आणि पोटऱ्या ताठ करा. दहा ते पंधरा सेकंद तसेच धरा, चेहऱ्याला थोडी ऊब जाणवेपर्यंत. मग सोडा, पण अगदी गळून न जाता नेहमीच्या स्थितीत या. वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा करा. असे पाच वेळा. गर्भवतीने पोट आवळायचे नाही आणि श्वास रोखायचा नाही, एवढे पथ्य पाळावे. रक्त काढायचा हात मात्र सैलच राहिला पाहिजे, नाहीतर शीर सापडत नाही. एक हात सैल आणि बाकीचे शरीर ताठ, हे एका दिवसात जमत नाही. तपासणीच्या आधी आठवडाभर घरी रोज सराव करावा. रक्तदाब वाढलेला असेल, किंवा हृदयाचा वा गर्भारपणातला काही त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रयोगशाळेत गेल्यावर प्रथम एकच वाक्य बोलायचे: “मला रक्त देताना घेरी येते, मला झोपवून घ्या.” हे सांगण्यात कसलाही कमीपणा नाही. रक्त काढणाऱ्याला हे आधी कळले तर त्याचेही काम सोपे होते. पाच महिन्यांनंतर मात्र पाठीवर सरळ झोपू नये. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि त्यानेच गरगरू लागते, मग दोष बिचाऱ्या सुईला मिळतो. डाव्या कुशीवर थोडे कलून झोपावे. रक्त दिल्यावर लगेच उठू नये, पाच-दहा मिनिटे पडून राहावे. दुखण्याचीच भीती असेल तर लिग्नोकेन आणि प्रायलोकेनचे बधिर करणारे मलम मिळते. ते साधारण तासभर आधी लावावे लागते. अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

दुसरी गोष्ट पाण्याची. ही खास आपल्या घरांतील आहे. चौविहार पाळणारी स्त्री सूर्यास्तानंतर पाणी घेत नाही. सकाळी ‘उपाशीपोटी या’ असे सांगितलेले असते म्हणून ती तशीच जाते. म्हणजे बारा-तेरा तास पोटात पाण्याचा थेंब नाही. शिरा बसलेल्या, हात गार. मग एका जागी टोचून रक्त मिळत नाही, दुसरीकडे टोचावे लागते, आणि भीती दुप्पट होऊन घरी येते. वास्तविक उपाशीपोटीच्या तपासणीला साधे पाणी चालते. पचक्खाण मोडा असे मी सांगणार नाही. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी येते. त्यानंतर उकळून गार केलेले दोन पेले पाणी प्यावे, अर्धा तास थांबावे आणि मग जावे. प्रयोगशाळेकडे आठ-साडेआठची वेळ मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. मुख्य म्हणजे, पुष्कळ तपासण्यांना उपाशी राहण्याची गरजच नसते. हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, कावीळ ब, थायरॉईड या जेवल्यावरही होतात. आपल्या शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गर्भारपणातील साखरेची चाचणीसुद्धा, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देण्याची, शेवटचे जेवण केव्हा झाले याचा विचार न करता करता येते. दोन तासांची साखर १४० किंवा अधिक आली तर पुढील उपचार सुरू होतात. आपल्या डॉक्टरांनी कोणती चाचणी सांगितली आहे ते विचारून घ्या, म्हणजे विनाकारण उपवास घडणार नाही. (गर्भारपणी तप करावे की नाही, हा स्वतंत्र विषय आहे. त्याबद्दल डॉक्टर आणि साध्वीजी या दोघांशीही बोलावे.)

ज्येष्ठ भगिनींची एक तक्रार असते, “आधीच पोरीच्या अंगात रक्त नाही, त्यात हे चार-चार नळ्या भरून नेतात.” हिशेब सांगते. एका नळीत दोन ते पाच मिलिलिटर रक्त असते. पहिल्या भेटीतल्या सगळ्या नळ्या मिळून साधारण दहा मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे. नळ्या चार असल्या तरी टोचणे एकदाच असते; जांभळ्या, राखाडी, लाल झाकणाच्या नळ्या त्याच सुईला एकापाठोपाठ जोडतात. गर्भारपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते, त्यात दोन चमचे कुठल्या कुठे भरून निघतात. महावीर जयंतीला आपण रक्तदान शिबिरे भरवतो, तेथे एकेका दात्याकडून ३५० मिलिलिटर घेतात. त्याच शिबिरात ‘व्यवस्था पाहतो’ म्हणून दिवसभर टेबलाशी बसून राहणारे काही पुरुष मला माहीत आहेत. तेव्हा हे भय केवळ स्त्रियांचे नाही.

या दोन चमच्यांत काय कळते, तेही थोडक्यात पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आढळला. हा आजार चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. आपण शाकाहारी, जीवनसत्त्व ब-१२ आपल्याला जवळजवळ केवळ दूधदुभत्यातून मिळते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा दीर्घ अभ्यास केला. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ कमी होते आणि त्याचा संबंध पुढे मुलांच्या आरोग्याशी दिसून आला. म्हणून आपल्या घरातील गर्भवतीच्या बाबतीत ब-१२ विषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर साधारण २८ व्या आठवड्यात आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन देतात. रक्तगटच माहीत नसेल तर ती वेळ टळून जाते आणि पुढच्या बाळाला भोगावे लागते. थॅलेसेमियाची तपासणी तर जितकी लवकर तितकी चांगली. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते. पत्नी वाहक निघाली तर पतीलाही रक्त द्यावे लागते. तेथे मग घरातील खरा धीट कोण, ते कळते!

भय फारच तीव्र असेल तर एकदम सुईपाशी न जाता पायऱ्यांनी जावे. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत नुसते बसून यावे. दुसऱ्या वेळी खुर्चीत बसून दंडाला पट्टा बांधून घ्यावा आणि परत यावे. मग कापसाने हात पुसून घ्यावा. प्रत्येक पायरीवर भीती आपोआप ओसरेपर्यंत थांबायचे. अर्ध्यावर पळून आले तर ती वाढते. दिवस जाण्याआधी, लग्न ठरल्यावरच हा सराव केला तर उत्तम. एवढ्यानेही जमले नाही तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांच्याकडे जावे. थोड्या भेटींत बरा होणारा हा त्रास आहे आणि त्यासाठी बहुधा गोळ्या लागत नाहीत.

सासूबाईंना एक विनंती. सुनेबरोबर प्रयोगशाळेत जा, पण ‘बघ, ती शेजारची कशी पटकन देऊन आली’ असे म्हणू नका. तिच्याशी दुसरेच काहीतरी बोलत राहा. डोहाळजेवणाला कोणाकोणाला बोलवायचे ही यादी पुष्कळ लांबते, तेवढ्यात रक्त काढून होते. कोणाला नवकार मंत्र म्हणायचा असेल तर मोठ्याने म्हणावा, त्याने श्वासही रोखला जात नाही.

खर्चाची अडचण असणाऱ्या भगिनींसाठी सांगते, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय आरोग्य केंद्रांत गर्भवतींची तपासणी विनामूल्य होते. आपल्या सभागृहात वर्षातून एकदा गर्भवतींसाठी शिबिर घ्यावे, त्यात खुर्चीऐवजी दोन पलंग आणि मध्ये एक पडदा असावा, असे विश्वस्तांना मी सुचवते. घेरी येणाऱ्या मुलीला चारचौघांत पडण्याची लाज वाटते, आणि तेवढ्यासाठीच काही जणी येत नाहीत.

नाव न लिहिता चिठ्ठ्या द्या असे मंडळाने सुरुवातीला सांगितले होते, त्या माझ्याकडे आल्या आहेत. वेळ संपेपर्यंत आपण त्याच वाचू. जय जिनेंद्र.