जिवाणू खताच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ



शेती संशोधनाचे वृत्त प्रसिद्ध होते तेव्हा त्यात शास्त्रज्ञाचे नाव असते, संस्थेचे नाव असते, समारंभाचे छायाचित्रही असते. ज्याने काचबशी भरली, उबवण पेटीत ठेवली आणि तीत उगवलेले ठिपके मोजले, त्या प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा उल्लेख मात्र सहसा आढळत नाही. वस्तुतः या बशीतील घट्ट थर ही एका साहाय्यिकेचीच देणगी होय. जर्मनीतील रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेसे काम करीत व त्यांच्या पत्नी फॅनी हेसे त्यांना प्रयोगांत मदत करीत. त्या काळी जिवाणू जिलेटिनवर वाढवीत आणि उन्हाळ्यात जिलेटिन पातळ झाले की सारे श्रम वाया जात. जेली घट्ट करण्यासाठी स्वयंपाकघरात वापरले जाणारे, समुद्रातील शेवाळापासून काढलेले अगर वापरून पाहावे, असे १८८१ मध्ये फॅनीबाईंनी सुचविले. तेच अगर आजही प्रयोगशाळांत नित्य वापरले जाते.

द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींमध्ये राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, हे जर्मनीतील हेल्रीगेल व विल्फार्थ यांनी १८८८ च्या सुमारास सिद्ध केले. त्याच वर्षी हॉलंडमधील बायेरिंक यांनी गाठीतून ते जिवाणू वेगळे काढले. आज आपल्याकडील तंत्रज्ञही मूलतः तेच करतो. शेतातून हलक्या हाताने उपटून आणलेल्या रोपाची टपोरी गाठ निवडावयाची, ती अल्कोहोलमध्ये व नंतर निर्जंतुक करणाऱ्या द्रावणात काही काळ बुडवावयाची, निर्जंतुक पाण्याने पुनःपुन्हा धुवावयाची आणि चिरडून तिचा रस बशीवर ओढावयाचा.

येथे एक बारीकशी गोष्ट आहे. शेवटच्या धुण्याचे पाणीही वेगळ्या बशीवर पसरतात. या बशीत काहीही उगवू नये, अशी अपेक्षा असते. काही उगवलेच, तर गाठीची बाहेरील बाजू नीट स्वच्छ झाली नव्हती, असा त्याचा अर्थ होतो आणि त्या दिवसाचे सारे काम टाकून द्यावे लागते. ही बशी धुऊन ठेवली व नोंदवहीत 'निरंक' लिहिले, तर ते कोणाच्या लक्षात येण्याचा संभव फार थोडा. या शास्त्राचा बराचसा भार तंत्रज्ञाच्या त्या एका शब्दावर असतो.

जिवाणू खताच्या गुणवत्तेचेही तसेच आहे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २००६ मध्ये जिवाणू खतांचा समावेश झाला. भुकटीच्या स्वरूपातील रायझोबियम खताच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात, असे त्याचे प्रमाण आहे. ५ कोटी पेशी एकेक करून कोण मोजणार? म्हणून खताचा नमुना पाण्यात दहादहा पटींनी विरळ करीत जातात. १० लाख पट विरळ झालेल्या द्रवाच्या एका मिलिलिटरमधून ५० वसाहती उगवल्या की हिशेब जुळतो. मात्र प्रत्येक पायरीस नवी नळी घेतली पाहिजे. आधीच्या नळीतील चिकटलेला थेंब पुढे गेला, तर आकडा फुगतो आणि निकृष्ट पाकीट कागदोपत्री उत्तम ठरते.

वसाहतीही पारखाव्या लागतात. काँगो रेड हा तांबडा रंग मिसळलेल्या खाद्यावर रायझोबियमच्या वसाहती पांढरट व चिकट दिसतात. परके जिवाणू बहुधा तो रंग शोषून घेतात. सोयाबीनच्या जिवाणूंना वाढण्यास पाच ते सात दिवस लागतात, परके त्याहून पुष्कळ लवकर दिसतात. पेरणीच्या तोंडावर अहवाल तातडीने मागविणाऱ्या कार्यालयांनी हे ध्यानी घ्यावे. स्मरणपत्रे पाठविल्याने जिवाणू लवकर वाढत नाहीत.

मातीतील बहुसंख्य सूक्ष्मजीव बशीत उगवतच नाहीत. म्हणून मुळांभोवतीच्या साऱ्या सूक्ष्मजीवसमूहाचा, म्हणजे मायक्रोबायोमचा, अभ्यास आता डीएनए वाचून करतात. यंत्रे नवी आली, दक्षता जुनीच राहिली. वापरावयाच्या रसायनांतही जिवाणूंच्या डीएनएचे अंश असू शकतात. यासाठी माती न घातलेली एक कोरी नळी सर्व टप्प्यांतून इतर नमुन्यांसोबत न्यावी लागते. शून्याखाली ८० अंशांवर गोठविलेल्या शेकडो नळ्यांपैकी एकीवरची चिठ्ठी निघाली, तर ती माती कोणत्या शेतातील हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही.

या साऱ्याचा परिणाम दिसतो तो शेतात. सोयाबीन प्रथमच घेणाऱ्या शेतकऱ्याने बियाण्यास लावलेल्या काळ्या भुकटीत जिवाणू मेलेले असतील, तर ते त्याला पेरणीच्या वेळी कळत नाही. गाठी धरल्या नाहीत हे लक्षात येईपर्यंत हंगाम पुढे गेलेला असतो. पुढील वर्षी तो पाकिटास हातही लावीत नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

शाळेतील शिक्षकांना याची पारख मुलांकडून सहज करून घेता येईल. फुलोऱ्याच्या सुमारास रोप मातीसकट खणून काढावे, मुळे पाण्यात धुवावीत, गाठ नखाने किंवा पात्याने कापावी. आतून गुलाबी किंवा तांबूस असेल तर ती नत्र मिळविते आहे. पांढरट वा हिरवट असेल तर तिचे काम चाललेले नाही.

सगळाच दोष प्रयोगशाळेचा असतो असे नाही. पत्र्याच्या तापलेल्या गोदामात, कीटकनाशकांच्या डब्यांशेजारी पाकिटे पडून राहिली, तर चांगले जिवाणूही मरतात. हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला लावले तरी गाठी येत नाहीत, कारण दोहोंचे जिवाणू भिन्न आहेत. तक्रार आल्यास पंचायतीने पाकिटावरील गट क्रमांक, उत्पादनाचा दिनांक आणि वापराची अंतिम मुदत अवश्य उतरून घ्यावी. त्या क्रमांकावरून तंत्रज्ञाच्या नोंदवहीतील नेमके पान उघडता येते.