आईसाठी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेताना

मी जयपूरहून बोलतोय. गेल्या काही महिन्यांत तीन-चार मित्रांनी एकच प्रश्न विचारला, "घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी कुठली घ्यावी?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच सांगतो. यात माझी एक फजितीही आहे, तीही सांगतो.

माझी आई ८३ वर्षांची. शाळेत गणित शिकवायची. चाळिशी उलटल्यावर गाडी शिकली. आजही बँक, भाजी, देऊळ सगळं स्वतः गाडी काढून करते. दोन वर्षांपूर्वी तिचा डावा गुडघा कुरकुरायला लागला. क्लच पूर्ण दाबला जाईना. एके सकाळी फाटकातून गाडी मागे घेताना ती खांबाला धडकली. पेपर टाकणारा मुलगा मिनिटभरापूर्वीच तिथून गेला होता.

त्या दिवशी घरात दोन पक्ष पडले. धाकटा भाऊ म्हणाला, किल्ली काढून घे. मी म्हणालो, ऑटोमॅटिक घेऊ. आईला काय वाटतं, हे दोघांनीही विचारलं नाही.

मी घाईघाईने एक सेडान घेऊन आलो. दिसायला देखणी, किंमतही बरी. पण सीट इतकी खाली की आईला बसताना पडल्यासारखं व्हायचं आणि उतरताना कुणाचा तरी हात लागायचा. चार महिन्यांत तोटा सोसून ती विकली. सैन्यात आम्ही आधी जागा पाहून यायचो, मग योजना आखायचो. घरी मात्र मी उलटं केलं.

म्हणून पहिली गोष्ट. गाडी बघण्याआधी चालवणारा माणूस बघा. डोळे तपासा, मोतीबिंदू आहे का पाहा. मान दोन्ही बाजूंना पुरेशी वळते का? झोप आणणारी औषधं चालू आहेत का? आपल्याकडे पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांनीच नूतनीकरण होतं आणि त्यासाठी डॉक्टरांचं फॉर्म १-ए लागतं. हा फॉर्म ओळखीच्या डॉक्टरकडून नुसती सही करून आणू नका. तपासणी खरीखुरी करा.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. ऑटोमॅटिक गाडी गुडघ्याचा त्रास घालवते, पण एक नवा धोका आणते. साध्या गाडीत गोंधळ झाला तर बहुतेक वेळा इंजिन बंद पडतं. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला तर गाडी सुसाट सुटते. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या गृहस्थांच्या गाडीखाली एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. गाडीत बिघाड होता असं ते म्हणत राहिले. कोर्टाने ते मानलं नाही. ब्रेक समजून ॲक्सिलरेटरच दाबला गेला होता, असा निकाल आला.

म्हणून रविवारी पहाटे मोकळ्या मैदानावर सराव करा. डावा पाय मागे, सीटजवळ घेऊन ठेवायचा. दोन्ही पेडलं फक्त उजव्या पायाने. नाहीतर चाळीस वर्षांच्या सवयीने डावा पाय क्लच समजून ब्रेकवर आदळतो आणि मागची गाडी येऊन ठोकते. मी "थांब" म्हटलं की आई थांबणार, असं आम्ही आठवडाभर रोज केलं.

आता गिअरबॉक्स. बाजारात सगळ्यांनाच ऑटोमॅटिक म्हणतात, पण प्रकार चार आहेत.

एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. आपल्याकडे २०१४ साली मारुती सेलेरिओने तो घरोघरी नेला. स्वस्त आहे, दुरुस्ती कुठेही होते. पण गिअर बदलताना हिसका बसतो, क्लचप्लेट झिजते, आणि हिल होल्ड नसेल तर चढावर गाडी मागे घसरते. जयपूरमध्ये घरोघरी फाटकाला उतार असतो. आम्ही पाहिलेली एक एएमटी तिथेच मागे सरकली आणि आईने तिथेच तिला नापास केलं.

टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, दणकट प्रकार. हिसका कमी, पेट्रोल थोडं जास्त पितो. रोज आठ-दहा किलोमीटर चालणाऱ्या माणसाला मायलेजची चिंता कशाला?

सीव्हीटी सगळ्यांत मऊ चालते. जाझ, अमेझ, जुनी बलेनो यांत मिळते. तिचं ऑइल वेळच्या वेळी बदललेलं असायला हवं. गिअरबॉक्स बिघडला तर खर्च मोठा.

चौथा डीसीटी. चालवायला मजा, पण रखडत्या ट्रॅफिकमध्ये कोरड्या क्लचचा तापतो. वॉरंटी संपलेली असेल तर आईवडिलांसाठी मी तो घेणार नाही.

गाडी कुठल्या वर्षाची? माझा हिशेब सोपा आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि मागे घेताना वाजणारे पार्किंग सेन्सर आले. म्हाताऱ्या मानेला या सेन्सरचा फार आधार असतो. त्यामुळे २०१९ च्या उत्तरार्धानंतरचीच गाडी बघा.

तपासताना गाडी थंड असतानाच जा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. ब्रेकवर पाय ठेवून डीमधून आरमध्ये, आरमधून डीमध्ये टाका. दणका बसतोय किंवा गाडी विचार करत बसतेय, तर सोडून द्या. मग भर दुपारी एसी लावून, गर्दीतून अर्धा-पाऊण तास चालवा. गिअरबॉक्सचं दुखणं तापल्यावरच बाहेर येतं.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. तळाशी चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात बुडालेली आहे. वाळवंटी राज्यात कुठलं पाणी, असं म्हणू नका. १४ ऑगस्ट २०२० च्या पावसात याच शहरात गाड्या गाळात गाडल्या गेल्या होत्या. टायरवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. इथल्या उन्हात रबर कमी धावूनही कडक होतं. किलोमीटरचा आकडा मीटरवर नव्हे, सर्व्हिसच्या नोंदींत शोधा.

कागदपत्रं. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. स्वस्त दिसली तरी परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर लागतो. तो खर्च धरून किंमत ठरवा. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांत द्या. न भरलेली चलानं आधी ऑनलाइन बघा.

शेवटी आम्ही २०१९ च्या अखेरची जाझ सीव्हीटी घेतली. निवड आईची. ती चार वेळा बसली, चार वेळा उतरली, फाटकाचा उतार चढली आणि मगच हो म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी तिच्यासमोर कागद ठेवला. अंधार पडल्यावर गाडी नाही, पावसात नाही, हायवेवर नाही. दर सहा महिन्यांनी मी शेजारी बसून बघणार. आईने चष्मा लावून वाचलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली : "ज्या दिवशी पाय चुकेल, त्या दिवशी किल्ली मी स्वतः देईन. तोवर कुणी मागायची नाही."

भावानेही सही केली. खांबाचा टवका अजून बुजवलेला नाही, तो मी मुद्दामच ठेवलाय. तो दिवस येईल हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. पण किल्ली हिसकावून घेणं वेगळं आणि ती आपल्या हातावर ठेवली जाणं वेगळं. गाडी कुठलीही घ्या, हे बोलणं मात्र आधी करा.

सही करताना आई मला म्हणाली, "बाळ, तूही बासष्टचा झालास. पुढच्या सहा महिन्यांनी तू चालव, शेजारी मी बसते."

जय हिंद.