रेंजचा दगड
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी मूळचा मावळातल्या तिकोणा पेठेतला. आमच्या डोक्यावर तिकोणा, म्हणजेच वितंडगड. उंची सुमारे 3,500 फूट. गड आमचा राखणदार खरा, पण मोबाइलला आडवा येतो. रेडिओलहरी बहुतेक सरळ जातात. मध्ये डोंगर आला की उन्हाची पडते तशी रेंजचीही सावली पडते. 900 मेगाहर्ट्झच्या लहरी थोड्या वळतात, भिंतीतून शिरतात. 2,300 च्या लहरी डेटा भराभर नेतात, पण लवकर दमतात.

एका आषाढात रात्री अण्णांच्या छातीत दुखू लागलं. लाइट गेलेली. भाऊ बॅटरी घेऊन शेताच्या कडेच्या दगडावर चढला. गावात त्याला ‘रेंजचा दगड’च म्हणतात. दोन कांड्या मिळाल्या, फोन लागला, गाडी आली. अण्णा वाचले.

आता आपलं ऐका. गेल्या वर्षी बी विंगच्या आजी लिफ्टमध्ये पाऊण तास अडकल्या. लिफ्ट म्हणजे लोखंडी पेटी, आत रेंज कुठली? घंटेचे सेल संपलेले. आणि इंटरकॉम? तो आपणच सर्वसाधारण सभेत बंद केला, “आता सगळ्यांकडे मोबाइल आहे” म्हणून. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. त्या दिवशी आजींसमोर मान वर करता आली नाही.

म्हणून चार गोष्टी सांगतो. राउटर लोखंडी कपाटात किंवा टीव्हीमागे कोंबू नका. घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. लांबच्या खोलीला 2.4 गिगाहर्ट्झ, जवळ 5. फोनमध्ये वायफाय कॉलिंग असेल तर चालू करा. पण लाइट गेली की राउटरही जातो, त्याला छोटी बॅटरी जोडा. आणि आपल्या कंपनीची रेंज नसली तरी 112 लावून बघा. दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर तो फोन त्यावरून जाऊ शकतो.

गावात पोराटोरांनाही ठाऊक असतं, रेंज कुठे मिळते. आपल्याला? आज घरी गेल्यावर जिना, पार्किंग, लिफ्ट फिरून बघा, फोन कुठे मुका होतो ते. आणि पुढच्या सभेत इंटरकॉमचा विषय येईल, तेव्हा हात वर करा. मी तर दोन्ही करणार आहे.